दाबून भरा

आता हसायचं नाही, या अटीवर सांगतो. चहा प्या आणि गप ऐका.

मी चौथी शिकलेला माणूस. पण पटवाऱ्यानं पुढे केलेल्या कागदावर मी वाचून घेतल्याशिवाय कधी सही केली नाही. हे आधी लक्षात ठेवा.

सुनेचा लॅपटॉप बंद पडला. त्यावर ती गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देते. ती म्हणाली, "मामाजी, आदिलाबादले जाऊन राह्यले ना? एक नवा पेन ड्राइव्ह घ्या अन् दुकानातून त्यात सिस्टम भरून आणा. बूटेबल करा म्हणा. तो लावला का लॅपटॉप सुरू होते, पुढचं मी करतो."

नवा कशाला? घरात एक होता, टीव्हीजवळच्या डबीत. त्यात आमच्या हिची भुलाबाईची गाणी होती. हिला आता दम लागतो, पोरींसोबत फेर धरवत नाही. म्हणून गेल्या वर्षी पंधरा दिवस आठवून आठवून बत्तीस गाणी तिनं सुनेच्या फोनवर म्हटली आणि सुनेनं ती त्यात भरली. फोनमधली जागेसाठी पुसली, म्हणून दुसरीकडे कुठेच नव्हती. भुलाबाई आठ दिवसांवर आलेली.

मी म्हटलं, गाणी एका कोपऱ्यात राहतील, सिस्टम बाजूला बसेल. आमच्या बेल्याहून आदिलाबादची बस धरली.

दुकानदारानं पेन ड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "बाबा, बूटेबल बनाया तो इसमें का सब जाता. चलता?"

सब जाता! मला बरं वाटलं. म्हणजे सगळं मावतं.

"चलता. जाने दो."

"पूरा जाता बाबा. कुछ नहीं रहता."

"कुछ नहीं रहना, इसीलिए तो आया मैं. दबा के भरो!"

बोऱ्यात कापूस भरताना माणूस आत उतरून तुडवतो, तसं माझ्या डोळ्यापुढे होतं. तुडवलं की जागा होतेच ना?

त्यानं माऊसवरचा हात काढला. "घर में एक बार पूछ लो."

इथे माझं डोकं फिरलं. "घर का मालिक मैं है!"

त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. पिवळं चिन्ह, खाली इंग्रजीत दोन ओळी. वाचता येत नाही हे मी कशाला सांगू? चष्मा लावला, सावकाश बघितलं आणि म्हटलं, "बराबर है. दबाओ."

त्यानं दाबलं.

घरी आलो. लॅपटॉप सुरू झाला. सून खूश. मी मिशीवर हात फिरवत बसलो.

"मामाजी, केवढ्याले पडला हा?"

"फुकट. डबीतला नेला."

तिचा हात थांबला. "आईच्या गाण्याचा? अवो, दुकानदार काही बोलला नाही का?"

मी बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चुलीपाशी ही ऐकत होती.

"तो बिचारा गाणे जातीन म्हणून सांगून राह्यला होता," ही म्हणाली, "अन् तुमी दाबून भर म्हणले? कापूस होता का तो?"

मग दोन दिवस हिनं माझं ताट आदळून वाढलं. तिसऱ्या दिवशी पाटावर बसली आणि म्हणाली, "फोन धरा. हात हालवू नका. अन् तोंड बंद."

चार दिवस मी फोन धरून बसलो. ती दोन ओळी म्हणे, थांबे, श्वास घेई, पुन्हा म्हणे. बत्तीसपैकी एकतीस आठवली. मी तोंड बंद ठेवलं. फक्त एकदा, ती दम खायला थांबली तेव्हा, धीर धरवला नाही. हळूच विचारलं, "सगळं जाऊन राह्यलं ना आत?"

सून म्हणाली, तेवढं कापून टाकते. ही म्हणाली, "राहू दे. बत्तिसावं समज."

भुलाबाई बसली. अंगणात पोरी फेर धरतात, स्पीकरच्या डब्यावर हिची गाणी लागतात. ती ओळ आली की साऱ्या थांबतात आणि जाड आवाजात एकदम ओरडतात, "सगळं जाऊन राह्यलं ना आत?"

लहान पोरींना ते गाण्यातलंच वाटतं.