पिकअपच्या तोंडासमोर मेढ

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, एका पिकअप गाडीला तिच्याच मालकाच्या अंगणात अटक झाली होती. गाडीचा गुन्हा काही नव्हता. अटक करणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. आणि हे सगळं घडत असताना मी, म्हणजे त्या गाडीचा डॉक्टर, तिच्याच खाली उताणा पडून एक गंजलेला बोल्ट सोडवत होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझं गॅरेज तेव्हा ठाकुर्लीला होतं. गाडी दामूशेठ कोळ्यांची, मासळीची. तिच्या स्टीअरिंगला प्ले होता. प्ले म्हणजे तुम्ही चाक फिरवता आणि गाडी त्यावर थोडा विचार करते. थोडा प्ले प्रत्येक गाडीला असतो. दामूशेठच्या गाडीत मात्र चाक उजवीकडे फिरवावं, विडी पेटवावी, दोन झुरके घ्यावेत, मग गाडी वळायचं मनावर घ्यायची. शेठनी पुढचे टायर बदलले, मग गॅरेज बदललं, शेवटी ड्रायव्हर बदलून मुलालाच चाकावर बसवलं. हा मुलगा किशोर. त्याचं लग्न खडवलीला ठरलं होतं.

साखरपुड्याहून परत निघताना किशोरने सगळ्यांच्या देखत गाडी वळवली. म्हणजे त्याने चाक वळवलं, गाडी सरळ सासऱ्याच्या वालाच्या शेतात गेली. सासरे धोतर सावरत शेताच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या गाडीत माझी पोर बसनार नाय. बैलगाडीतून पाठवीन."

"सून येल ती याच गाडीतून," दामूशेठ म्हणाले. "या गाडीवर मी घर बांधलाय."

दोन्ही बाजू एवढ्या पेटल्या की लग्न मोडायचीच वेळ. शेवटी ठरलं, स्टीअरिंग नीट झालं तर पिकअप, नाहीतर बैलगाडी. सगळ्या डोंबिवलीत हे पसरलं. आणि दामूशेठ माझ्याकडे आले.

मी गाडी बघायला त्यांच्याच अंगणात गेलो. तसल्या स्टीअरिंगवर ती ठाकुर्लीचं रेल्वे फाटक ओलांडून आणायची माझी छाती नव्हती. किशोरला म्हटलं, "चाक डावी-उजवी हलव." मी पायाशी डोकं घालून बघितलं. स्टीअरिंग शाफ्ट म्हणजे चाकापासून खाली जाणारी दांडी. तिच्या मध्ये एक सांधा असतो, आपल्या मनगटासारखा. सांध्याच्या वरची दांडी फिरत होती. खालची झोपलेली.

"शेठ, हा सांधा गंजून झिजलाय. दांडीचे दातेपण गेले. इथे पाणी कुठून येतं?"

"पानी? पानी कशाला येल?"

मी बोट सांध्यावर फिरवून पुढे केलं. त्यावर मासळीचे खवले.

शेवटी किशोरच म्हणाला, "बाबा पापलेटची पाटी मागं ठेवत नाहीत. पायाशी ठेवतात. धक्क्यापासून घरापर्यंत."

"मागची पोरं चोरतात," शेठ म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षं बर्फाचं खारं पाणी थेंबाथेंबाने त्या सांध्यावर पडत होतं. माझ्या आयुष्यात पापलेटने खाल्लेलं ते पहिलं आणि शेवटचं स्टीअरिंग.

नवा शाफ्ट ठाण्याहून यायला वेळ लागला आणि आला तो नेमका मांडवाच्या दिवशी. लग्न दुसऱ्या दिवशी. मी सकाळीच हत्यारं घेऊन हजर. अंगण लग्नासाठी नुकतंच सिमेंटचं केलेलं, गुळगुळीत, आरशासारखं. दामूशेठनी चपला काढायला लावल्या. गाडी अंगणात मधोमध उभी होती. मागे भिंत, डावीकडे ओटा, उजवीकडे विहीर, तोंड फाटकाकडे.

काम सांगायला सोपं आहे. पुढची चाकं सरळ करायची. स्टीअरिंगचं चाक दोरीने बांधून टाकायचं, म्हणजे ते हलणार नाही. दांडी कुठे बसली होती तिथे रंगाची खूण करायची. मग बोल्ट काढून जुनी दांडी बाहेर, नवी आत, खुणेला खूण जुळवून. खूण चुकली तर गाडी सरळ जाते आणि चाक तिरपं राहतं. बोल्ट मात्र निघायला तयार नव्हता. गंजाचं तेल सोडलं, वाट बघितली, हातोडीने समजूत काढली, मग पुन्हा तेल. वर सनई वाजायला लागली, बायकांची पावलं इकडून तिकडे जाताना दिसत होती, एकदा तर कुणीतरी खाली वाकून माझ्या कपाळाला हळद लावून गेलं. मी म्हटलं, लावा.

अखेर बोल्ट निघाला, जुनी दांडी आली, नवी बसली. चाक हलवून बघितलं. लोण्यासारखं, आणि खाली लगेच हुकूम पाळला जात होता. मी गाण्याच्या लकेरीसकट बाहेर सरपटलो. समोर आंब्याचे डहाळे.

गाडीच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक खांब उभा होता. त्याला लुगडं गुंडाळलेलं, हळद-कुंकू, पायाशी विटा, तांदूळ, नारळ. ही मेढ. म्हणजे मांडवाचा पहिला खांब. मुहूर्तावर उभा करायचा आणि लग्न उरकेपर्यंत त्याला हलवायचं नाही.

"शेठ, गाडी बाहेर कशी काढायची?"

दामूशेठनी खांबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि ते विहिरीच्या कठड्यावर बसले. मला वाटलं, आता विहिरीत जातायत.

मेढ उभी केली होती बारकीमावशीने. ती धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात गाणी म्हणणारी आणि विधी सांगणारी बाई. तिच्या शब्दापुढे नवऱ्यामुलाचा बापही बोलत नाही.

मी हात जोडले. "मावशी, मेढ काढून जरा बाजूला लावली तर?"

"मेढ काढायची नाय."

"दोन हात फक्त."

"एक बोटपन नाय. तुला स्टेरिंग येतं ना? मग वलव."

आता बोला. अख्ख्या गावासमोर माझ्या दुरुस्तीची परीक्षा. उजवा आरसा काढून ठेवला. मी चाकावर बसलो, किशोर अंगभर हळदीने पिवळा होऊन पुढे उभा राहून हात दाखवायला लागला. चाक पूर्ण डावीकडे, गाडी वीतभर पुढे. पूर्ण उजवीकडे, वीतभर मागे. एका बाजूला मेढ, दुसऱ्या बाजूला विहीर. बॅन्डवाले कोपऱ्यात उभे राहून प्रत्येक वितीला एकेक ठोका देत होते. मावशीचं गाणं एकदाही थांबलं नाही, उलट त्यात मधेच माझं नाव आलं आणि बायका हसल्या. काय म्हणाली ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

जेवणाच्या पंगती थांबल्या होत्या. मी घामाने भिजलो होतो. शेवटी मागचा बंपर मेढीच्या लुगड्याला वारा घालून सुटला आणि पिकअप फाटकाबाहेर आली. दामूशेठनी बॉनेटवर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी खडवलीला व्याह्यांनी स्वतः चाक डावी-उजवी हलवलं, खाली वाकून टायर बघितले, पुन्हा हलवलं. "बरा हाय," म्हणाले. सून पिकअपमधून आली. पायाशी पाटी नव्हती.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती आदल्या दिवशीची, गाडी बाहेर पडल्यानंतरची. मी ओट्यावर बसून पाणी पीत होतो. बॅन्डवाल्यांना अंगणात नाचायला जागा पुरेना. मावशीने दोन माणसांना बोट दाखवलं. त्यांनी विटा बाजूला केल्या, मेढीला मिठी मारली आणि ती अलगद उचलून ओट्याशी आणून ठेवली. माझ्या शेजारी. खाली वाळूने भरलेला तेलाचा चौकोनी डबा होता. नवं सिमेंट फोडायला दामूशेठ तयार नव्हते, म्हणून मेढ डब्यात.

तेव्हापासून एखादी वस्तू हलणार नाही असं कुणी म्हटलं की मी आधी ती कशात बसवलीय ते बघतो. गाडीखाली शिरताना तर नक्कीच.

त्या दिवशी मात्र माझ्या हातातला तांब्या खाली पडला. "मावशी," मी म्हटलं, "मेढ हलवायची नव्हती ना?"

बारकीमावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू प्ले माझ्याच डोक्यात आहे. "मेढ कुठं हलवली? ती डब्यात होती तिथंच हाय. डबा हलवला."