श्रीपूरच्या वाटेवर आत्याची साखर उतरली

एसटीतली खिडकीची जागा ही दहा वर्षांच्या मुलीची खाजगी मालमत्ता असते. सोलापूर स्टँडवर ती माझ्यादेखत एका थर्मासला बहाल करण्यात आली. सावलीच्या खिडकीशी थर्मास, मध्ये आत्या, कडेला मी... इतका शिस्तशीर अन्याय मी पुन्हा पाहिला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. थर्मासात खाली बर्फ आणि वर कापडात गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली. लहानपणापासून डायबेटिस असलेली माझी कुसुमआत्या श्रीपूरला, साखर कारखान्याजवळच्या शाळेत इंटरव्ह्यूला निघाली होती. मुक्काम तिथेच, मैत्रिणीकडे.

आजोबांची अट एकच... वाटेत काही झालं, तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही. आणि बाईमाणसाला सोबत हवीच. म्हणून मी!

खरं तर आत्याला सोबतीची गरज नव्हती. रोज पहाटे काचेची सिरिंज उकळायची, स्वतःच्या मांडीत सुई टोचायची, परीक्षानळीत लघवी आणि निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग निळाच राहिला, म्हणजे साखर नाही, तर गाणं गुणगुणायची; विटकरी झाला तर गप्प. आमच्याकडे पुरुषमंडळी दाढी करताना जरासं कापलं तरी घर डोक्यावर घेत... हिचा मात्र आवाज नाही.

फक्त त्या दिवशी इंटरव्ह्यूसाठी तिने माझ्या आईची चांगली पर्स घेतली. आणि नेहमीची साखरेची पुडी जुन्या पर्समध्ये राहिली.

श्रीपूर जवळ आलं आणि बस थांबली. पुढे उसाच्या बैलगाड्यांची न संपणारी रांग. जेवणाची वेळ टळून गेली... सकाळचं इंजेक्शन मात्र साखर उतरवण्याचं आपलं काम इमानेइतबारे करत होतं.

आत्याच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. "बेबी, माझी साखर उतरतेय," ती सावकाश म्हणाली. "पर्समधली पुडी काढ."

मी पर्स मांडीवर उपडी केली. पुडी नाही. मग मी असं भोकाड पसरलं, की कंडक्टर तिकिटांची पेटी टाकून धावत आला.

बसमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. डायबेटिस हा शब्द ऐकताच पुढच्या सीटवरचे टोपीवाले काका उठून उभे राहिले. "गोड म्हणजे यांना विष! कांदा हुंगवा आधी."

"काका..." आत्याची जीभ जड झाली होती. "विष मला द्या... कांदा तुम्ही हुंगा."

मी थर्मास ढकलून खिडकीबाहेर डोकं काढलं. शेजारच्या गाडीवर मोळ्यांच्या ढिगावर एक ऊसतोडणीवाली बाई बसली होती. "आत्याला ऊस द्या!" मी हुंदके देत ओरडले.

"आगं, येवढ्यासाठी रडतीस व्हय?" ती हसली. "हितं दुसरं हाय काय?" पण आत्याचा चेहरा दिसला आणि तिचं हसू थांबलं. भराभर कोयता चालवून तिने सोललेली कांडी आत दिली.

आत्या डोळे मिटून चावत राहिली. काका "अहो, अहो" करत होते. हळूहळू तिचा हात थांबला, नजर जागेवर आली. तिने हनुवटी पुसली, आईच्या पर्समधल्या आरशात बघून वेणी सारखी केली आणि म्हणाली, "मावशी, एक कांडं हिलाही द्या. घसा बसला असेल."

मैत्रिणीकडे जेवून इंटरव्ह्यू दिला. नोकरी मिळाली... इतकं धीराचं माणूस मी नंतर फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. आजोबा दारातच. "सोबत कशी झाली?"

"पोरगी धीराची आहे हो, दादा," आत्या वडिलांना म्हणाली. "डोळ्यांतून टिपूस नाही काढलं."

मग आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हिला काही त्रास?"

मी चपला काढत होते. "काही नाही, आजोबा," मी म्हणाले. "रस्ता अडला होता, म्हणून ऊस खाल्ला."