खडीखालचा चर आणि माझी काडेपेटी

मंडळी, आज दुपारी घरी एक प्रसंग घडला. तुमच्याशी बोलले की बरं वाटेल.

हेब्बाळच्या आमच्या घरी फाटकाजवळच्या खडीच्या वाटेवर पाणी तुंबतं. ते गटारात नेण्यासाठी आज वाटेखालून सिमेंटचा पाइप घालायचा होता. आडवा चर खणून झाला आणि माणसं टेम्पोतून पाइप उतरवायला बाहेर गेली.

जमीन उकरली की तिला हळदकुंकू वाहून कापूर लावायचा, ही माझ्या आईची रीत. मंजण्णा कंत्राटदारही म्हणाला, "अक्का, पूजा झाल्यावरच पाइप." मी चराच्या कडेला बसले, आईसारखाच पदर खोचला आणि काडी हातात घेतली.

तेवढ्यात हे व्हरांड्यातून ओरडले, "अगं, काडी ओढू नकोस! गॅसचा वास येतोय!"

मला काहीच वास आला नव्हता. करोनानंतर माझं नाक गेलं, ते गेलंच.

"ओडी अक्का, ओडी!" मंजण्णा पळा म्हणत होता, पण पाय हलेनात. ह्यांनी दंड धरून मला रस्त्यावर ओढत नेलं. माझ्या तोंडून रामनाम नाही, शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना निघत होती.

चर खणताना कुदळीने जमिनीखालची गॅसची नळी चिरली होती. गॅसवाल्यांनी येऊन ती बंद केली. सगळे सुखरूप आहोत.

पण हे रोज सकाळी फिरायला जातात, तेव्हा चहासाठी शेगडी मी एकटीच पेटवते. उद्या कशी पेटवू? तुमच्यापैकी कुणाला वास येत नसेल, तर सांगाल का, तुम्ही काय करता?