झेंड्याची गाठ

माझे वडील सरकारी कचेरीत शिपाई. झेंड्याची घडी घालून एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायचं काम तीस वर्षं त्यांचंच. दोरी ओढायचा मान मात्र साहेबांचा. यंदा नव्या साहेबाने भलतीच दोरी ओढली. गाठ आवळली, झेंडा काही उघडेना. माझ्याहूनही लहान असलेला तो साहेब सगळ्यांदेखत वडिलांवर खेकसला, "देशाची जरा तरी चाड आहे का तुला?"

वडिलांनी झेंडा खाली घेतला, नखांनी गाठ सोडवली, नवी मारली आणि झेंडा पुन्हा वर चढवला. साहेबाने दोरीसाठी हात पुढे केला. "राहू द्या," म्हणत वडिलांनी ती स्वतःच ओढली.

घरी येऊन त्यांनी टोपी आपटली. "एवढी बोलणी खाल्ली, तरी झेंडा फडकल्यावर ऊर भरून आलाच! साहेबापेक्षा मला माझाच संताप येतोय."