फूलबागेपलीकडचे पापड

इंदरगंजच्या गल्लीत आमच्याकडे कुणी शिंकलं तरी चार घरांतून चौकशी व्हायची. वडील वैतागले आणि आम्ही फूलबागेपलीकडच्या मोकळ्या बंगल्यात राहायला गेलो. उन्हाळा आला तसं आईनं सवयीनं गल्लीभरच्या हातांना पुरेल एवढं पापडाचं पीठ भिजवलं. मग तिच्या लक्षात आलं, इथे लाटायला येणार कोण? वडिलांनी चडफडत टांगा पाठवला. जुन्या शेजारणी पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. लाटताना दिवसभर त्यांचं एकच पालुपद: "नशीबवान आहात बाई, काय हवा आहे इथे!" संध्याकाळी त्यांना पोचवायला म्हणून आई टांग्यात चढली, ती तिकडेच मुक्कामाला राहिली. सकाळी परतली तीच कुरकुरत. म्हणे, गल्लीच्या कलकलाटात डोळ्याला डोळा लागला नाही. इकडे वडीलही जागेच. त्यांना म्हणे शांतता खायला उठली होती. माझं डोकंच चालेना. चिडून विचारलं, "अगं, मग तुला बरं वाटतं तरी कुठे?"

आईनं उन्हात घातलेले पापड उलटायला घेतले.

"टांग्यात बरं वाटत होतं," ती म्हणाली. "जातानाही आणि येतानाही."