शेजारच्या बाळंतिणीचं जेवण

स्ट्रेचरवर आडवा पडलेला माणूस स्वतःच्या मोडलेल्या खुब्याबद्दल बोलेल, असं आपल्याला वाटतं. आमचा शेजारी बोलला तो त्याच्या फेरेटबद्दल. नॉटिंगहॅमच्या बाहेर आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा हा म्हातारा. सारा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, बायको वारलेली, आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ही एक फेरेट, मुंगसाची चुलत बहीण शोभेल अशी लांबुडकी, पिवळट आणि उग्र वासाची. नुकतीच व्यायली होती. ॲम्ब्युलन्सचं दार लागायच्या आत म्हाताऱ्याने शेडची किल्ली माझ्या हातात कोंबली. "रॉ मीट, मी डक. नथिंग एल्स," तो म्हणाला. 'मी डक' हे तिकडचं लाडाचं बोलणं. मग माझं मनगट धरून त्याने सांगितलं, की कच्चं मांस कमी पडलं तर ती स्वतःची पिल्लं खाईल. मी येस, येस म्हटलं. ऐंशीच्या दशकातली ती माझी तिथली पहिली वर्षं, आणि नकार द्यायला मला इंग्रजी सुचायचं नाही.

मला सातवा महिना होता. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात एक गेलं होतं, आणि तेव्हापासून मी सगळ्याला भीत होते. जिन्याला, शिंकेला, फोनच्या घंटीला. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. "सगळं नॉर्मल आहे," असं तो मला पेशंटशी बोलायच्या आवाजात सांगायचा, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास बसत नसे. शेवटी बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली. अळीव, डिंक, खारीक आणि सुंठ तिने कस्टमच्या माणसाच्या नाकाखालून आणली. आमच्या स्वयंपाकघरात तोवर अंडंसुद्धा आलेलं नव्हतं.

मांस म्हणजे लाल तुकडे असतील, अशी माझी कल्पना. दुसऱ्या दिवशी शेडमधला फ्रीझर उघडला तर पिशवीत कोंबडीची पिल्लं. एका दिवसाची, पिवळीधमक, डोळे मिटलेली, पाय पोटाशी घेतलेली, गोठून एकमेकांना चिकटलेली. फेरेटला पिसं आणि हाडांसकट अख्खं जनावर लागतं, हे मला कोण सांगणार? माझा हात आपोआप पोटावर गेला. आई मागेच उभी होती. तिने झाकण लावून टाकलं.

"हे तू हातात घ्यायचं नाहीस. सातव्या महिन्यात मेलेली पिल्लं हाताळतं का कुणी?"

मी एम. एस्सी. झालेली बाई. एरवी अशा बोलण्यावर मी आईशी कडाकडा भांडले असते. त्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं.

"मग ती खाणार काय?" मी विचारलं.

"बाळंतीण आहे ना ती? बाळंतिणीला काय द्यायचं ते मला शिकवू नकोस."

म्हाताऱ्याचं अर्धं बोलणं मी आईला सांगितलंच नव्हतं. पिल्लं खाण्याबद्दलचं. तसल्या अवस्थेत ते शब्द तोंडातून काढायची मला भीती वाटत होती. आईने गुरगुट्या भात केला, त्यावर तूप सोडलं, दूध घातलं. संध्याकाळी अळिवाची खीर. फेरेटने वाटी चाटूनपुसून लख्ख केली. "बघ, कशी मिटक्या मारतेय," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता, की मीही मनाची समजूत घातली. शेवटी आईच्या दुधावरच वाढतं ना सगळं, तिला दुधाने काय होणार?

झालं ते दोन-तीन दिवसांतच. आधी तिला पातळ ढाळ लागले. मग ती स्वस्थ बसेना. पिंजऱ्याच्या जाळीला नखं लावायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, आणि मी वाटी सरकवली की वाटीकडे न बघता माझ्या बोटांकडे बघायची. मी घाबरून हात मागे घ्यायचे. एका दुपारी ती पाणी प्यायला पुढे आली तेव्हा मी मागचं गवत वाकून पाहिलं. पहिल्यांदा मोजली होती तेव्हा सहा पिल्लं होती, करंगळीएवढी, डोळे न उघडलेली. आता पाच होती. गवताच्या कडेला पेराएवढं काहीतरी गुलाबी पडलेलं होतं. ते काय आहे हे मला कळलं, आणि मी शेडचं दार ओढून घेतलं.

"सगळं ठीक आहे ना?" आईने विचारलं. मी हो म्हटलं आणि वर जाऊन पलंगावर आडवी झाले. पोटात काही हलत नव्हतं. थंडगार पाणी प्यायले, कूस बदलून पाहिली, पोटाला हलकेच टिचकी मारली. नवऱ्याला फोन करावा तर त्याचा तो आवाज ऐकवला नसता. मला एवढंच वाटत होतं, की तिच्या उपासमारीचा शाप आता माझ्याकडे यायला निघाला आहे. हे वेडगळ आहे हेही कळत होतं, पण कळून भीती कमी होत नाही. बऱ्याच वेळाने एक लाथ बसली. मग मी तोंडात पदर कोंबून रडले, आणि ठरवलं, उद्या सकाळी फ्रीझरमधली ती मेलेली पिल्लं मी स्वतः तिला घालणार. अपशकुन असेल तर असो.

सकाळी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून मी शेडकडे गेले. दार उघडंच होतं. आई आत उभी होती. अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाय न ठेवणारी माझी आई, कालच्या पातळात, अंगात माझ्या नवऱ्याचा स्वेटर, आणि उघड्या तळहातावर बर्फ सुटलेलं एक ओलं पिवळं पिल्लू.

"तू बाहेर थांब," ती म्हणाली.

"आई, काल एक पिल्लू..."

"माहीत आहे. ते दुसरं. पहिलं तू मोजायच्या आधीच गेलं. मी ते गुलाबाखाली पुरलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू तरी सांगितलंस का?"

आई पिंजऱ्याकडेच बघत होती. "मी मनात धरलं होतं गं," ती म्हणाली. "हिची सगळी जगली तर तुझंही..." तिने जाळीचं दार किलकिलं करून हात आत घातला. फेरेटने झडप घातली, आईच्या बोटांना चाटून गेले तिचे दात. मग हाडं मोडल्याचा आवाज यायला लागला. आई डोळे घट्ट मिटून उभी होती आणि फेरेटला सांगत होती, "हे खा, बाई. पोटभर खा. त्यांना हात लावू नकोस."

त्यानंतर रोज सकाळी आधी ते आणि मग अंघोळ, असा तिचा क्रम झाला. म्हातारा काठी टेकत परत येईपर्यंत तिने मला शेडच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नाही. आणखी पिल्लू गेलं नाही, पण दर सकाळी ती शेडमधून बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा.

मुलगी ऑगस्टमध्ये झाली, रडत, लालबुंद. नर्सने दुपट्यात गुंडाळून तिला आईपुढे धरली. आईने हात पुढे केले आणि परत मागे घेतले. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन तिने साबणाने हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. नर्स बाळ घेऊन उभीच.

"आई, घे ना तिला," मी म्हटलं.

"थांब जरा," आई माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "अजून येतोय."