नाचणीच्या डब्यातली कादंबरी

तोंडावर खरं बोलताना जराही न लाजणारी आणि एका पुस्तकापायी कानापर्यंत लाजणारी आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखी दुसरी बाई अख्ख्या शहापूर तालुक्यात सापडायची नाही. शेणव्याला त्यांची पिठाची गिरणी आहे. थोरले दीर वारल्यापासून त्या एकट्या चालवतात. दळण जरा दमट लागलं की, "वाळवून आण, माझी गिरणी चिखल दळत नाय," म्हणून डबा परत. सरपंचाच्या बायकोचाही डबा असाच परत गेला होता. पौर्णिमेला विहारात पोरींना सांगायच्या, "वाचा, पण डोकं चालेल असं वाचा. प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे भुकेला चुरमुरे!"

आणि एकदा नाचणी काढायला मी त्यांचा डबा उघडला, तर आत तसलीच कादंबरी निघाली. शहापूरच्या बाजारातून आणलेल्या रद्दीत ती आली होती. गोष्ट परदेशातली: बर्फाच्या गावातली एक मुलगी आईशी भांडून शहरात जाते आणि नाताळला घरी परतते. आईची बेकरी, शेजारी देखणा सुतार, आणि सगळे ख्रिस्ती, त्यामुळे उठता बसता प्रार्थना.

"पोरगी गाडीत बसून आली, त्यात देवानं काय केलं गो? गाडी त्यानं चालवली?" जाऊबाई चिडून म्हणाल्या.

"मग वाचता कशाला, आक्का?"

"सुतार बरा आहे," त्या खाली बघत म्हणाल्या. "कोणाला बोलू नको."

मी बोलले नाही. उलट पुस्तक घरी नेलं आणि एका बैठकीत संपवलं. चुलीवरची आमटी करपली, तरी मुलगी आईच्या दारात पोचेपर्यंत मी उठले नाही. घरी मी सांगितलं, डोकं दुखत होतं.

जाऊबाईंची स्वतःची लेक मुरबाडला असते. तिने तिथल्या मुलाशी लग्न केलं आणि मग आईला कळवलं. "जात कोण विचारतंय? मला आधी सांगितलं नाय," एवढंच जाऊबाईंचं म्हणणं. पण त्या एवढ्यावरून दोन वर्षं ना फोन, ना येणं-जाणं. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

थंडीत त्यांच्या ओट्यावर आम्ही बायका वालाच्या शेंगा सोलायला बसतो. तिथे त्यांना ती गोष्ट सांगितल्यावाचून राहवेना, आणि कादंबरी वाचते म्हणायचीही लाज. म्हणून त्यांनी सुरुवात केली, "एक पोरगी होती, आईशी भांडून गेलेली." बेकरीची गिरणी केली, चर्चचा विहार केला, बर्फाच्या जागी धुकं घातलं. रोज दुपारी थोडी थोडी गोष्ट पुढे जायची. आमच्याकडे स्वतःचं दुखणं कोणी स्वतःचं म्हणून सांगत नाही. 'एक बाई होती' असंच म्हणतात. बायकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. शेजारची सोनाबाई तर पदराने डोळे टिपायची. माझ्या काही लक्षात आलं नाही; मी गोष्टीत सुतार कधी येतो याची वाट बघत होते.

सोनाबाई भाच्याच्या हळदीला मुरबाडला गेली आणि जाऊबाईंच्या लेकीला गाठून म्हणाली, "तुझी आय रोज तुझीच गोष्ट सांगते गो. आमाला आता ऐकवत नाय. जा एकदा."

रविवारी लेक आली. मागे नवरा, हातात फरसाणाची पिशवी. आम्ही सगळ्या ओट्यावरच होतो. जाऊबाई पिठाने माखलेल्या, तशाच दारात उभ्या राहिल्या.

"आई, तू खरंच माझी गोष्ट सांगत होतीस?"

एका शब्दात सुटका होती: पुस्तकातली. पण तो शब्द काढला असता, तर पोरगी आल्या पावली परत गेली असती. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी शेंगांकडे.

"मग कोणाची सांगू?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. पिठाखालीसुद्धा त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. मग जावयाकडे वळून, "उभे का? बसा. जेवल्याशिवाय जायचं नाय."

आता लेक महिन्या-दोन महिन्यांनी येते. जाऊबाईंनी गोष्ट सांगणं मात्र सोडलं. बायकांनी विचारलं तर म्हणतात, "आली ना ती घरी? संपली मग." सगळ्यांचं त्यावर समाधान आहे. शेंगा सोलताना मलाच अधूनमधून वाटतं, त्या सुताराचं काय झालं ते या बायकांना कधी कळायचंच नाही. पण या वयात हे कोणाला सांगणार?